रॅकचं पहिलं कुंकू

मी आयुष्यात फारसा कुणावर जळलेलो नाही. माझ्यानंतर चार वर्षांनी ऑफिसात आलेला पोरगा माझा साहेब झाला, तेव्हा मी त्याच्या पार्टीत दोनदा आइस्क्रीम घेतलं आणि घरी येऊन गाढ झोपलो. पण बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या घरमालकांवर मात्र मी जळलो. अगदी खरपूस जळलो. आता ते बायकोला घेऊन म्हैसूरला लेकीकडे राहायला गेलेत, आपल्या त्या लोखंडी रॅकसकट गेलेत. तरी पांढरी लुंगी वर खोचून, छाती काढून चाललेला कुणी म्हातारा रस्त्यात दिसला की माझ्या पोटात अजून दुखतं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णा म्हणायचो. साठी कधीच ओलांडलेली, पण दंड असे की बनियनची बाही तिथं अडकून बसायची. त्यांचं घराणं मूळ मराठी. ‘आमी फौजेबरोबर आलो,’ असं ते सांगायचे, आणि ते इतक्या सहज की ऐकणाऱ्याला वाटावं मागच्या पावसाळ्यात सामान उतरवलं असेल. पुढं कळायचं की गोष्ट तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. जन्म चामराजपेटेतला, नोकरी सरकारी कारखान्यात, तीही तपासणी खात्यात. म्हणजे हयातभर दुसऱ्यांनी केलेली कामं मोजून नापास करायची. त्या नोकरीतून उरलेलं एक मोजमापाचं यंत्र, ते काट्याचं, चिमट्यासारखं जबडा उघडणारं, कायम लुंगीच्या कमरेला खोचलेलं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनी, डोसा वाढला की आधी त्याची जाडी बघायचे.

‘एक दिवस तव्यावर बोट धरीन ह्यांचं,’ अक्का शांतपणे म्हणायच्या आणि पुढचा डोसा टाकायच्या.

माझी मराठी त्यांना पसंत नव्हती. ‘तुमची मिरजेची मराठी नवी आहे, तम्मा. आमची मुरलेली.’ आणि ही मुरलेली मराठी म्हणजे निम्मं कन्नड. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पंचेचाळिशीच्या माणसाला असं कुणी म्हटलं की बरं वाटायला हवं, मला मात्र दर वेळी कुणीतरी गालगुच्चा घेतल्यासारखं व्हायचं.

घर बघायला आम्ही नवराबायको पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नोकरीची, भाड्याची, अनामतीची सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. आम्हाला थेट मोटारीच्या शेडमध्ये नेलं. शेडमध्ये मोटार नव्हती. रॅकला जागा व्हावी म्हणून ती विकून टाकलेली, आणि स्कूटर बाहेर उन्हात प्लास्टिक पांघरून उभी.

‘लटका,’ अण्णा म्हणाले.

‘काय?’

‘त्या वरच्या दांडीला. घर पाहिजे ना? लटका.’

मी ऑफिसच्या कपड्यांत लटकलो. जरा वेळानं बोटं आपोआप सुटली आणि मी खाली आलो. मग बायकोनं चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली आणि लटकली. लटकल्या लटकल्या ती अक्कांना पाणी किती वाजता येतं ते विचारत होती. अण्णांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ‘सरी! ठरलं, घर दिलं,’ ते म्हणाले, ‘ह्यांच्या नावावर करार करा.’ करारावर माझी सही साक्षीदाराच्या जागी आहे. तिथूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

त्या रॅकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अण्णांबद्दल सांगायचं म्हणजे रॅकबद्दलच सांगायचं. चार लोखंडी खांब, त्यांना वरपासून खालपर्यंत भोकं. भोकांत पिना घालून हवे ते आकडे, हवे ते हात बसवायचे. दोन्ही बाजूंना पुलीवरून खाली आलेली एकेक केबल, केबलच्या एका टोकाला वजनाच्या प्लेटा आणि दुसऱ्या टोकाला हुक. त्या हुकाला काय लावायचं, हा अण्णांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न होता.

कारण लावण्यासारखं बाजारात इतकं काही असतं की बघून डोकं फिरतं. सरळ दांडी, वाकडी दांडी, गोंडेवाली दोरी, त्रिकोणी हँडल, घोट्याला बांधायचा पट्टा. अण्णा यातलं काहीही नुसतं फोटो बघून घेत नसत. दुकानदाराला फोन लावून आधी पत्रिका मागायचे. ‘भोक किती? पिन किती? आत बेअरिंग आहे की नुसतं गोल गोल फिरवताय?’ मग वस्तू घरी यायची, पण वापरायची नाही. आठवडाभर ती खांबाला टांगून ठेवायची. ‘रॅकला स्वल्प सवय होऊ दे,’ म्हणायचे, आणि स्वल्प म्हणजे थोडी हे मला तेव्हा कळलं. मग एक दिवस हातात धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. बहुतेक जणी नापास होऊन परत जायच्या.

‘वजन कोणीबी उचलतंय, तम्मा,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ‘धरायला आलं पाहिजे.’

आणि आकडे ते मोजत नसत. दहा, वीस असलं काही नाही. त्यांचा व्यायाम म्हणजे चामराजपेटेत बसमध्ये चढायचं आणि मल्लेश्वरम सर्कलला उतरायचं. एकेका ओढीला एकेक थांबा. ‘मार्केट आलं… मॅजेस्टिक आलं… शेषाद्रिपुरम…’ दांडी जड असली की बस गर्दीत अडकायची. सकाळी मी वर दाढी करत असताना खालून हा आवाज यायचा आणि मला कळायचं, आज शेषाद्रिपुरमाला ट्रॅफिक आहे.

इथवर सगळं गमतीचं होतं. इथवर मीही ऑफिसात अण्णांच्या नकला करून हशा मिळवत होतो. मग बाबा आले.

माझे वडील रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. आई गेल्यावरही मिरज सोडायला तयार नव्हते. मग एक दिवस डाव्या अंगावरून हलकंसं वारं गेलं. पाय सावरला, तोंड सावरलं, डावा हात मात्र रुसून बसला. बोटं अर्धी वळायची आणि तिथंच थांबायची. मी जवळजवळ उचलूनच त्यांना बंगळुरूला आणलं. यायच्या आधी त्यांनी स्टेशनच्या बाकावर बसून अट घातली.

‘ज्या दिवशी माझ्या पायजम्याची नाडी मी बांधीन, त्या दिवशी माझं मिरजेचं तिकीट काढायचं. कबूल?’

कबूल म्हणालो. न म्हणून सांगतो कुणाला? बायकोनं इलास्टिकचे पायजमे आणून ठेवले, तर ‘इलास्टिक लहान पोरांना’ म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. म्हणजे नाडी मीच बांधायची असं ठरलं. मला इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला कंपनीची बस सकाळी लवकर धरावी लागे. त्याआधी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. उजव्या हातानं सदरा वर धरायचा आणि खिडकीकडं बघायचं. मी खाली वाकून नाडी बांधायचो.

‘घट्ट झाली?’

‘बास.’

एवढंच आमचं दिवसाचं बोलणं. लहानपणीही फार नव्हतंच. ते ड्यूटीवर आणि मी शाळेत, असंच सगळं गेलं. पण आता रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याला येणारा खोबरेल तेलाचा वास, आणि डोक्यावर त्यांचा श्वास. मला ते आवडायला लागलं होतं. आणि हात बरा झाला की हे संपणार आणि बाबा मिरजेला जाऊन त्या रिकाम्या घरात एकटे बसणार, हेही मला रोज कळत होतं. तरी हात बरा व्हावा म्हणून मीच मरमर करत होतो. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांना बाबांनी चहा पाजून परत पाठवलं. रबरी चेंडू आणला, तो त्यांनी देवापुढं ठेवला. मी चिडलो, समजावलं, मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, ‘छान आहे.’ त्यांनी छान आहे म्हटलं की ती वस्तू कामातून गेली असं समजायचं.

आणि एक दिवस मी ऑफिसातून आलो तर बाबा घरात नव्हते. खाली शेडमध्ये, रॅकपुढच्या स्टुलावर, घामानं भिजलेले. डाव्या मनगटाला पट्टा, पट्टा केबलच्या हुकाला, आणि बाबा हात ओढत मिरजेपुढची स्टेशनं मोठ्यानं म्हणत होते, ‘विश्रामबाग… सांगली… नांद्रे…’

‘भिलवडी कधी येणार?’ अण्णा ओरडले.

‘सिग्नल नाही!’ बाबा म्हणाले आणि हसले.

हसले! मी दारात उभा होतो. आई गेल्यापासून मी हे हसू ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठंतरी खाली तळाशी. पण वर जे आलं ते वेगळंच होतं. ह्या माणसानं काय केलं? ‘लटका’च म्हणाला असेल ना? मी महिनाभर हातापाया पडतोय, आणि हा लुंगीवाला एका दुपारी माझ्या बापाला भिलवडीपर्यंत नेतो?

‘यजमान जोरात आहेत आज,’ अण्णा मला म्हणाले. बाबांना ते यजमान म्हणायचे. इकडं घरच्या कर्त्या माणसाला असं म्हणतात. बाबा त्यांना मालक म्हणायचे. यजमान आणि मालक. मी मधल्यामध्ये तम्मा.

त्यानंतर रोजचंच झालं. जेवताना बाबा बोलायला लागले, पण काय, तर मालक असं म्हणाले आणि मालक तसं म्हणाले. ‘मालक म्हणतात, ताक दुपारीच प्यावं.’ हेच मी दोन वर्षं फोनवरून सांगत होतो. बायको माझ्याकडं बघून नाक उडवायची. ‘जळका वास येतोय,’ म्हणायची, ‘गॅसवर काही नाहीये माझं.’

मी गप्प बसणारा नव्हतो. दाराला अडकवायची एक पुली मागवली, म्हणजे बाबांना जिने उतरायला नकोत. रविवारी सकाळी ती आमच्याच दाराला बसवली, बाबांना खुर्ची दिली. बाबांनी दोनदा ओढली. ‘छान आहे,’ म्हणाले, चपला घातल्या आणि खाली गेले.

तेव्हा मी ठरवलं की आता ह्यांच्याच शेडमध्ये ह्यांना हरवायचं. अण्णांच्या पट्ट्यानं बाबांचा खांदा सुटत होता, पण बोटं वळत नव्हती, कारण पट्टा मनगटाला असतो, बोटांना काही कामच नसतं. बाबांच्या बोटांत बसेल असं हँडल पाहिजे होतं, आणि ते अण्णांना सापडत नव्हतं. ते मी आणणार होतो. मी दोन आठवडे ऑफिसचं काम सोडून हँडलंच बघत होतो. जाड मुठीचं, बारीक मुठीचं, रबराचं, लाकडाचं. शेवटी एक मोठा खोकाच मागवला. त्यात हँडलं होती, दोरी होती, आणि रॅकच्या भोकांत बसवायचे दोन भक्कम हातही होते, धरून उभं राहायला.

खोका मी सगळ्यांसमोर उघडला. बाबा स्टुलावर, अक्का चुरमुऱ्याची ताटली घेऊन, बायको पायरीवर. अण्णांनी ते दोन हात उचलले, कमरेचं यंत्र काढलं, पिन मोजली, रॅकचं भोक मोजलं, पुन्हा पिन मोजली.

‘अय्यो, तम्मा. पिन मोठी आहे. भोक लहान. मागवायच्या आधी विचारायचं की.’

‘थोडं घासून…’ मी म्हणालो.

‘रॅकला घासू?’ त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खोका माझ्याकडं ओढून घेतला. बाबांनीही पाहिलं. इतकी सगळी भोकं आणि मी एकाचंही माप घेतलं नव्हतं. सगळा अभ्यास मुठीचा केला होता.

हँडलं मात्र हुकाला बसत होती. अण्णांनी एकेक लावलं, एकेक बाबांच्या डाव्या हातात दिलं, अगदी नवीन सुनेच्या हातात पोळपाट द्यावा तसं. सरळ दांडी निसटली. दोरीचे गोंडे हातातून घरंगळले. पितळी रंगाचं एक फिरतं हँडल होतं, सगळ्यात देखणं, माझी सगळी भिस्त त्याच्यावर. बाबांची बोटं त्याच्याभोवती अर्धी वळली, क्षणभर राहिली आणि सुटली. हँडल वजनाबरोबर खाडकन मागं जाऊन खांबावर आपटलं.

‘छान आहे,’ बाबा म्हणाले.

अण्णांनी ते हँडल परत पाठवू दिलं नाही, टांगून ठेवलं. पण पुढच्या रविवारी मी खाली उतरलो तर शेडच्या दारातच त्यांनी मला थांबवलं. श्रावण नुकता लागला होता.

‘तम्मा, राग मानू नका. तुम्ही आत नका येऊ काही दिवस.’

‘का?’

‘तुम्ही असलात की यजमानांचं लक्ष हातात राहत नाही. तुमच्या तोंडाकडं बघतात. तुम्हाला कसं वाटतंय तेच बघत बसतात. मग हात काय वळणार?’

म्हणजे माझ्या बापाच्या व्यायामाला मीच अडचण! अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर जाऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘बरोबर आहे त्यांचं. तू परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या आईसारखा बघतोस.’ मग मीही शपथ घेतली, बोलावल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. रविवारी खालून सांगली, नांद्रे, भिलवडी ऐकू यायचं, मग एकदम शांतता, बराच वेळ शांतता, आणि मग दोघांचं हसणं. ती शांतता कसली ते मला कळायचं नाही. वर मी वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलेला. रोज सकाळी मात्र बाबा दारात यायचे, सदरा वर धरायचे, आणि मी नाडी बांधायचो. हात आहे तसाच होता. खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटायचं. अण्णांनाही जमलं नाही, आणि बाबाही इथंच राहिले.

खंडेनवमी इकडं आयुधपूजा म्हणून दणक्यात करतात. रिक्षा, बस, शिवणयंत्र, सगळ्यांना हार, कुंकू, आणि दारात कोहळा फुटतो. अण्णांच्या शेडमध्ये रॅकची पूजा व्हायची. खांबांना केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, आणि अक्का नैवेद्य घेऊन पुटपुटत, ‘माझ्या मिक्सरला इतकी फुलं कधी मिळाली नाहीत.’

आणि ह्या पूजेत अण्णांचा स्वतःचा एक नियम होता. वर्षभरात ज्या वस्तूनं सगळ्यात जास्त काम केलं, पहिलं कुंकू तिला. नवी म्हणून नाही, जड म्हणून नाही, देखणी म्हणून तर नाहीच. आम्ही राहायला आलो त्या वर्षी पहिलं कुंकू शेड झाडायच्या खराट्याला लागलं होतं. कुणाला लागणार ते अण्णा आधी सांगत नसत. गल्लीतली चार माणसंही बघायला यायची.

त्या वर्षी पूजेला मला बोलावणं आलं. अक्काच सांगून गेल्या. मी आदल्या संध्याकाळी सामान पुसायला म्हणून आपणहून खाली गेलो, आणि माझं ते पितळी हँडल चिंच लावल्यासारखं घासून लखलखीत केलं आणि बरोबर मधोमध, समोर टांगलं. बायको रोज संध्याकाळी त्याच्यावर व्यायाम करायची, अण्णांनीही एकदोनदा धरलं होतं. म्हटलं, काय सांगावं? बाबांच्या देखत माझ्या वस्तूला पहिलं कुंकू लागलं तर माझी एवढ्या दिवसांची सगळी आग निवली असती. हसू नका. माणूस जळत असला की त्याला असलंच काहीतरी सुचतं.

अण्णा नवं धोतर नेसून, हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन आले. वरच्या दांडीपाशी आले, पुढं गेले. प्लेटांपाशी आले, पुढं गेले. माझ्या हँडलापाशी आले आणि थांबले. त्यांनी हँडलावर बसलेली एक पाकळी फुंकून उडवली आणि पुढं गेले.

रॅकच्या आत, कमरेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंच्या केबलींना काल संध्याकाळी नसलेलं काहीतरी मळकट लोंबत होतं. अण्णा खाली वाकले आणि हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. अक्कांनी वर फूल ठेवलं.

मी पुढं होऊन बघितलं. सुती नाडी होती. पायजम्याची. मधोमध कापलेली, डावीकडच्या हुकाला एक तुकडा, उजवीकडच्या हुकाला दुसरा, आणि मधली टोकं मोकळी. घामानं, तेलानं काळी पडलेली, पीळ सुटलेली, एका जागी तर दोऱ्यावर आलेली.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘यजमानांचं हँडल,’ अण्णा म्हणाले. ‘दुकानातलं सगळं ओढायचं असतंय, तम्मा. ह्यांना ओढायचं कुठं होतं? ह्यांना बांधायचं होतं. मग काय, नाडीच लावली. दोन्हीकडनं सगळ्यात हलकी प्लेट, मधी उभं राहायचं आणि ताणाच्या विरुद्ध गाठ मारायची. बांधायची, सोडायची. बांधायची, सोडायची. नोडी, बघा, ही तिसरी नाडी आहे. दोन झिजून तुटल्या.’ त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की गल्लीतली माणसंही वाकून बघायला लागली. ‘श्रावण संपायच्या आत पहिली गाठ पडली. आता डोळे मिटून बांधतात.’

‘श्रावण संपायच्या आत?’ मी म्हणालो. ‘मग रोज सकाळी मी…’

अण्णांचा वाटी घेतलेला हात हळूहळू खाली आला आणि ते बाबांकडं वळले.

‘यजमान? ह्यांना सांगितलं नाही तुम्ही अजून?’

बाबा कोहळ्याकडं बघत होते. ‘मुहूर्त टळतोय, मालक,’ ते म्हणाले. ‘कोहळा फोडा आधी.’

कोहळा फुटला. प्रसाद वाटला. बाबा अक्कांशी चुरमुऱ्याबद्दल फार जरुरीचं बोलणं असल्यासारखे बोलत राहिले. अण्णांनी मला बाहेर स्कूटरपाशी नेलं.

‘मी पहिल्याच दिवशी म्हणालो, वर जा, मुलाला दाखवा,’ ते म्हणाले. ‘तर म्हणाले, राहू दे. सकाळी तेवढाच तो जवळ येतो. आणि तिकीट काढून बसेल, शब्दाचा पक्का आहे.’ त्यांनी स्कूटरवरचं प्लास्टिक उगाचच सारखं केलं. ‘तम्मा, मी एक सांगू? मला लई जळायला झालं तुमच्यावर. हात मी वळवला, गाठ मी शिकवली. ते रोज इथं बांधतात आणि सकाळी वर तुमच्याकडनं बांधून घेतात. माझा पोरगा तिकडं परदेशात आहे, वर्षाला एकदा येतोय, आला की वाकून नमस्कार करतोय. असं कमरेशी येऊन वाकलेलं मला नाही आठवत.’

इतके महिने जळत होतो मी, आणि हा माणूस खाली शेडमध्ये बसून माझ्यावर जळत होता. मी म्हणालो, ‘कोहळा चांगला फुटला.’ ते म्हणाले, ‘हो, सरळ फुटला.’

दुसऱ्या दिवशी दसरा. ऑफिसला सुट्टी, म्हणून मी पडून होतो. पण नेहमीच्या वेळेला दार वाजलं आणि बाबा आत आले. उजव्या हातानं सदरा वर धरलेला, नाडी सोडलेली, तोंड खिडकीकडं.

मी उठून बसलो. ‘बाबा, आज सुट्टी आहे. बस नाही.’

‘असू दे.’

मी वाकलो. नाडीची टोकं हातात घेतली. विचारायला तर हवंच होतं. ‘मिरजेचं तिकीट काढायचं का?’

खालून अण्णांचा आवाज आला, ‘यजमान! मार्केट गेलं! या लवकर!’

‘थांबू देत मालकांना,’ बाबा म्हणाले. आणि त्यांचा डावा हात, तो रुसलेला, अर्ध्यात अडणारा हात, खाली आला आणि माझ्या डोक्यावर सगळी बोटं वळवून बसला. ‘तू बांध सावकाश.’

मी गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडली, आणि पुन्हा मारली. खाली शेषाद्रिपुरम येऊन गेलं तरी आमची नाडी बांधून झाली नव्हती.